बाथरूममध्ये सागवानी फरशी: बेळगाव-खानापूर भागासाठी सविस्तर मार्गदर्शन

बाथरूममध्ये लाकडी फरशी बसवायची की नाही, याचा निर्णय त्या घरात आंघोळ कशी केली जाते हे पाहून घ्यावा. लाकडाची निवड त्यानंतरची गोष्ट आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील पुष्कळ घरांत आजही बादली-तांब्या घेऊन आंघोळ होते, अंगावर ओतलेले पाणी चारी बाजूंना उडते, कपडे तिथेच घासले जातात आणि शेवटी सगळी जमीन खराट्याने घासून बादलीभर पाण्याने धुऊन काढली जाते. अशा बाथरूमच्या संपूर्ण जमिनीवर चिकटवलेले लाकूड टिकणार नाही, मग ते दांडेलीचे उत्तम सागवान का असेना. ज्या देशांत बाथरूममध्ये लाकडी फरशीची पद्धत रुळली, तिथे पाणी टबात किंवा काचेच्या कप्प्यात राहते आणि बाकीची जमीन कोरडी असते. तरीही तिथले अनेक उत्पादक भरीव लाकडाच्या फरशीची बाथरूमसाठी हमी देत नाहीत.

म्हणून या लेखात सांगितलेली पद्धत दोन भागांची आहे. बेसिन, आरसा, कपाट आणि दरवाजा यांच्यापुढच्या कोरड्या पट्ट्यात कायमची चिकटवलेली सागवानी फरशी, आणि नळ-शॉवरच्या ओल्या भागात टाइल्सवर ठेवलेली, उचलून वाळवता येणारी सागवानी जाळी. कमोडच्या शेजारी जेट स्प्रे असेल तर तो भागही ओलाच धरावा, कारण रोज थोडे थोडे पाणी तिथे सांडतेच. बाथरूम साडेचार बाय सहा फुटांचे असेल तर कोरडा पट्टा नावापुरताच उरतो; अशा ठिकाणी लाकडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स बसवून जाळीपुरतेच लाकूड वापरावे, हे माझे स्पष्ट मत आहे. पाच बाय आठ फूट किंवा त्याहून मोठी जागा असेल, तरच पुढचा खटाटोप सार्थकी लागतो.

तपासणी पावसात, काम दिवाळीनंतर

लाकूड भोवतालच्या हवेतून ओलावा घेते आणि परत देते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असताना लाकडातील ओलावा सुमारे ६ टक्क्यांवर स्थिरावतो, ६५ टक्के असताना तो १२ टक्क्यांच्या आसपास जातो आणि ८५ टक्क्यांच्या हवेत फार दिवस राहिलेले लाकूड १७-१८ टक्क्यांपर्यंत पोहोचते. सह्याद्रीच्या कुशीतल्या जांबोटी-कणकुंबीपासून बेळगाव शहरापर्यंतच्या पट्ट्यात आषाढ-श्रावणात हवा आठवडेच्या आठवडे ओलसर राहते, तर मार्च-एप्रिलच्या दुपारी तीच हवा अगदी कोरडी होते. अथणी-रायबागकडे पाऊस कमी असल्याने हा चढउतार वेगळा असतो, पण तिथेही उन्हाळ्याचा कोरडेपणा तीव्र आहे.

घराच्या आत, पॉलिश केलेल्या फळीत हा बदल बाहेरच्या इतका मोठा होत नाही. वर्षभरात सुमारे ५ टक्क्यांचा फरक गृहीत धरणे सुरक्षित आहे. सागवान आडव्या रेषांच्या फळीत (जिच्या टोकाकडून पाहिल्यावर वाढवलयांच्या रेषा आडव्या दिसतात), ओलावा १ टक्क्याने बदलला की रुंदीत साधारण ०.१९ टक्के फुगते किंवा आकसते. म्हणजे ९० मिलिमीटरची एक फळी वर्षभरात सुमारे ०.८ मिलिमीटर हलते, आणि चार फुटांच्या रुंदीत अशा सगळ्या फळ्यांची हालचाल मिळून ११ मिलिमीटरच्या घरात जाते. फळीच्या टोकाकडून पाहिल्यावर वाढवलयांच्या रेषा उभ्या दिसत असतील, तर ही हालचाल जवळपास निम्म्यावर येते. लाकूड घेताना अशा उभ्या रेषांच्या फळ्या निवडून घ्याव्यात. दुकानदार कुरकुर करील, पण बाथरूमला लागणारे लाकूड थोडेच असल्याने निवड करणे शक्य असते.

एप्रिलमध्ये घट्ट भिडवून बसवलेल्या फळ्या जुलैत फुगून उचलतात, आणि ऑगस्टमध्ये बसवलेल्या फळ्यांमध्ये होळीपर्यंत फटी पडतात. दिवाळीनंतरचा, नोव्हेंबर-डिसेंबरचा काळ या दोन टोकांच्या मधला असल्याने फळ्या तेव्हाच बसवाव्यात. जमिनीची तपासणी मात्र त्याआधीच्या पावसाळ्यात करून ठेवावी. तळमजल्यावरील बाथरूममध्ये जमिनीखालून वर चढणारी ओल हा मोठा शत्रू आहे आणि ती एप्रिलमध्ये दिसतच नाही. शहापूर-वडगावकडच्या जुन्या, दगड-मातीच्या पायाच्या घरांत तर भिंतींच्या तळाशी पोपडे येतात तेही पावसाळ्यातच.

तपासणीची पद्धत सोपी आहे. साधारण दीड फूट बाय दीड फूट आकाराचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा उघड्या कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद कराव्यात आणि किमान १६ तास, शक्यतो पूर्ण दिवस-रात्र तसाच राहू द्यावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले किंवा खालचा कोबा काळपट झाला, तर ओल वर येत आहे असे समजावे. भर पावसाळ्यात अशी ओल आढळली, तर ओलरोधक इपॉक्सीचे थर दिल्याशिवाय तिथे लाकूड बसवण्याचा विचारच करू नये. जुन्या माडीवरच्या तक्तपोशीवर नवे बाथरूम करण्याचा बेत असेल, तर तुळयांची ताकद अभियंत्याकडून तपासून घेतल्याखेरीज या कामाला हातच लावू नये.

उतार आणि जलरोधक थर

या कामाचे यश सुतारापेक्षा गवंड्यावर अधिक अवलंबून आहे. प्रथम प्लंबरकडून सगळ्या नळ्या, नहाणी ट्रॅप (सांडपाणी बाहेर नेणारे जमिनीतले तोंड) आणि कमोडची जागा पक्की करून घ्यावी. फरशी झाल्यावर ‘एवढी एक लाइन टाकतो’ म्हणून छिन्नी चालवण्याची वेळ येता कामा नये. मग ओल्या आणि कोरड्या भागाची सीमा खडूने जमिनीवर आखावी, तिथे प्रत्यक्ष बादली ठेवून एकदा आंघोळ केल्याप्रमाणे पाणी ओतून पाहावे आणि शिंतोडे कुठवर जातात ते पाहून रेषा मागेपुढे करावी. कागदावरच्या नकाशापेक्षा ही चाचणी अधिक खरी असते.

ओल्या भागाची तयार पातळी कोरड्या भागाच्या तयार पातळीपेक्षा किमान २५ मिलिमीटर खाली ठेवावी आणि सीमेवर ग्रॅनाइटची पट्टी अशी बसवावी की ती लाकडाच्या पृष्ठभागापेक्षा १० मिलिमीटर वर राहील. शक्य असल्यास या पट्टीवर काचेचा पडदा उभा करावा. ओल्या भागात ट्रॅपकडे १:८० इतका उतार द्यावा, म्हणजे चार फुटांत सुमारे १५ मिलिमीटर. कोरड्या भागालाही ओल्या भागाच्या दिशेने १:१०० इतका हलका उतार अवश्य द्यावा. फरशी सपाट असणे आणि ती समपातळीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: लाकडाला सपाट पृष्ठभाग लागतो, पण तो सगळा एका बाजूला किंचित कललेला असला तरी चालतो. सहा फुटी सरळ पट्टी कोब्यावर ठेवली असता तिच्याखाली कुठेही ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसू नये. दिसली तर उंचवटे घासून काढावेत आणि खळगे पॉलिमरयुक्त मसाल्याने भरावेत.

सिमेंटच्या मालात वॉटरप्रूफिंगचे द्रावण मिसळले की काम झाले, असे मानणारे मिस्त्री अजूनही बरेच आहेत. ते द्रावण मालाला मदत करते, पण त्यातून पाणी अडवणारा सलग पडदा तयार होत नाही. त्यासाठी दोन घटकांचा पॉलिमर-सिमेंटचा लेप ब्रशने लावावा लागतो. भिंत आणि जमीन यांच्या कोपऱ्यात आधी मसाल्याचा गोलसर वाटा करून घ्यावा, नळ्यांच्या भोवतीची जागा खरवडून पॉलिमर मसाल्याने भरावी, कोपऱ्यांत फायबरची जाळी दाबावी आणि मग किमान दोन हात द्यावेत, दुसरा हात पहिल्याला काटकोनात. कोरड्या भागातही हा लेप भिंतीवर ३०० मिलिमीटर वर न्यावा. शॉवरच्या भिंतींवर तो किमान १८०० मिलिमीटरपर्यंत जायला हवा. पिशवीवरील मिश्रणाचे प्रमाण आपल्याकडे पुष्कळदा इंग्रजी किंवा कन्नडमध्येच छापलेले असते. ते दुकानातच नीट समजून घेऊन कागदावर लिहून आणावे आणि प्रत्यक्ष मोजूनच मिसळायला लावावे, कारण अंदाजाने केलेले मिश्रण हे या थराच्या अपयशाचे नेहमीचे कारण आहे.

लेप वाळल्यावर ट्रॅपचे तोंड घट्ट बंद करून सुमारे ५० मिलिमीटर पाणी भरावे, भिंतीवर पेन्सिलने पाण्याची रेघ मारावी आणि ४८ तास थांबावे. वरच्या मजल्यावरचे बाथरूम असेल तर खालच्या खोलीचे छतही पाहावे. पाण्याची रेघ बाष्पीभवनाने थोडी खाली जातेच; शेजारी तेवढ्याच खोलीचे पाणी भरलेले पसरट घमेले ठेवले, की बाष्पीभवन किती आणि गळती किती याचा अंदाज येतो. चाचणीत खोट निघाली तर लेप पुन्हा द्यावा आणि चाचणीही पुन्हा घ्यावी. मिस्त्रीला घाई असली तरी हा टप्पा गाळू देऊ नये.

यानंतर लेपाच्या संरक्षणासाठी वरचा कोबा घातला जातो आणि ओल्या भागात टाइल्स किंवा शहाबादी फरशी बसते. कोरड्या भागातील कोबा मात्र उघडा ठेवून पूर्ण वाळू द्यावा. कोबा साधारण दर इंच जाडीला एक महिना घेतो असा ठोकताळा आहे, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तो त्याहूनही अधिक वेळ घेतो. ऑगस्टअखेरीस गवंडीकाम संपवून नोव्हेंबरअखेरीस लाकूड बसवण्याचा हिशेब यामुळेच सोयीचा पडतो. प्लास्टिकची चाचणी पुन्हा एकदा करून खात्री पटल्यावर कोब्यावर ओलरोधक इपॉक्सीचे दोन हात द्यावेत. दुसरा हात ओला असतानाच त्यावर वाळलेली बारीक वाळू भुरभुरावी, म्हणजे गोंदाला पकड मिळते.

लाकूड निवडताना

बेळगावच्या लाकूड वखारींमध्ये सागवानाबरोबरच होन्ने, मत्ती आणि नंदी ही नावे ऐकू येतात. मराठीत ती अनुक्रमे बिबळा, ऐन आणि नाणा होत. बिबळ्याचा रंग पाण्यात उतरतो, म्हणूनच त्याचे पेले करून त्यातले पाणी औषध म्हणून पितात. बाथरूममध्ये मात्र तोच रंग शेजारच्या टाइल्सच्या जोडांत मुरेल. ऐन मजबूत आहे, पण वाळताना तडकण्याची आणि फुटण्याची त्याची खोड प्रसिद्ध आहे. सागवान निवडण्याचे कारण त्याच्या नावलौकिकापेक्षा त्याच्या गुणांत आहे: ते फुगण्या-आकसण्यात संयमी आहे, त्यात नैसर्गिक तेल आहे आणि त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. हा शेवटचा गुण फक्त गाभ्याचा आहे. सालीजवळचा पांढुरका भाग वाळवी आणि बुरशी दोघांनाही चालतो, आणि लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात तो भाग मोठा असतो. त्यामुळे पांढुरकी कड असलेली प्रत्येक फळी बाजूला काढावी, दर कितीही आकर्षक असला तरी.

दुकानात ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणून दाखवतात ते बहुतेक वेळा लॅमिनेट असते: दाबलेल्या लाकूडभुशाच्या पाटीवर लाकडाचे छायाचित्र. ते एकदा कडेतून पाणी प्याले की कायमचे फुगते, त्यामुळे बाथरूमसाठी त्याचा विचारच करू नये.

तीस चौरस फुटांच्या कोरड्या भागासाठी हिशेब असा मांडावा. रंधा मारून १८ ते २० मिलिमीटर जाडीची फळी मिळवायची तर कापताना पूर्ण एक इंच घ्यावे लागते, म्हणजे अडीच घनफूट. त्यात कटाई आणि निवडीची १५ टक्के तूट मिळवली की जवळपास तीन घनफूट होतात. जाळीसाठी वेगळे लाकूड लागेल. खरेदीचे पक्के बिल घ्यावे आणि वाहतुकीचा परवाना लागतो का हे वखारीतच विचारून घ्यावे. चंदगड किंवा कोल्हापूरच्या बाजूला राज्याची हद्द ओलांडून माल न्यायचा असेल, तर हे कागद हाताशी असणे फारच गरजेचे आहे.

लाकूड भट्टीत सीझन केलेले, म्हणजे नियंत्रित उष्णतेने वाळवलेले, असावे आणि पिन असलेल्या ओलावामापकावर ते ९ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान दिसावे. एका फळीत ९ आणि दुसरीत १४ असा लॉट घेऊ नये. फळ्या घरी आल्यावर गच्चीत किंवा अंगणात न टाकता बाथरूमला लागून असलेल्या खोलीत, प्रत्येक थरामध्ये अंतरपट्ट्या घालून, दहा-पंधरा दिवस रचून ठेवाव्यात आणि आकडा स्थिर झाला की नाही हे मापकाने पाहावे.

फळ्यांची तयारी आणि बसवणी

नेहमीचा सुतार आधी प्लायवूड ठोकण्याचा किंवा खाली लाकडी पट्ट्यांची चौकट करून त्यावर फळ्या खिळवण्याचा सल्ला देईल. दिवाणखान्यात ते ठीक आहे. बाथरूममध्ये त्या चौकटीखालच्या पोकळीत गेलेले पाणी कधीच बाहेर येत नाही आणि झुरळे व वाळवी यांना आयते घर मिळते. खिळे मारले तर जलरोधक थराला भोके पडण्याचा धोका वेगळाच. फळी थेट कोब्यावर, लवचीक गोंदाने, मध्ये पोकळी न ठेवता चिकटवणे हाच येथे योग्य मार्ग आहे.

त्यासाठी होडीच्या डेकवर वापरतात ती पद्धत मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. तिच्यात टंग-ग्रूव्हची (एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवणाऱ्या जोडाची) गरज नसते, त्यामुळे राउटर (लाकडात खाचा पाडण्याचे यंत्र) असलेला कोणताही चांगला सुतार ती करू शकतो. ७५ ते ९० मिलिमीटर रुंदीच्या सरळ कडांच्या फळ्या घ्याव्यात आणि प्रत्येक फळीच्या एका लांब कडेला, वरच्या बाजूने, ५ मिलिमीटर रुंद व ६ मिलिमीटर खोल खाच पाडावी. शेजारी-शेजारी ठेवल्यावर फळ्या खालच्या बाजूला हलक्या भिडतात आणि वर ५ मिलिमीटरची चर तयार होते. या चरीत पुढे लवचीक सीलंट (फट बंद करणारा रबरासारखा मसाला) भरायचा आहे. फळी ०.८ मिलिमीटर हलली तरी सीलंट तेवढा ताणला किंवा दाबला जातो आणि पाण्याला आत शिरायला वाट मिळत नाही.

फळ्यांची दिशा उताराला समांतर ठेवावी, म्हणजे पाणी चरींना आडवे न जाता त्यांच्या बाजूने सरकत ग्रॅनाइट पट्टीकडे जाईल. तिथे ते पुसून घ्यायचे असते. कोरड्या भागावर पाणी उभे राहू देणे हे या पद्धतीत कधीच अभिप्रेत नाही. सगळ्या फळ्या आधी गोंदाशिवाय मांडून पाहाव्यात. शेवटची फळी ४० मिलिमीटरपेक्षा अरुंद उरत असेल तर पहिली फळीही कापून दोन्ही बाजू सारख्या कराव्यात. भिंतीपाशी चारही बाजूंनी १० मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी. वर केलेल्या हिशेबात चार फुटांना ११ मिलिमीटरची हालचाल निघाली होती, ती दोन्ही बाजूंच्या मिळून २० मिलिमीटरमध्ये सहज सामावते. शेजारच्या ओळींतील टोकांचे जोड एकमेकांपासून किमान २५० मिलिमीटर दूर असावेत, पण एवढ्या लहान जागेत अखंड फळ्या मिळाल्या तर टोकांचे जोड टाळणेच उत्तम. लाकूड सर्वांत वेगाने पाणी पिते ते टोकांकडून, म्हणून कापलेल्या प्रत्येक टोकाला पातळ इपॉक्सीचे दोन हात देऊन ठेवावेत.

सागाचे तेल, जे त्याचे रक्षण करते, तेच गोंदाला चिकटू देत नाही. चिकटवण्याच्या थोडेच आधी फळीची पाठ आणि खाचेच्या कडा ॲसिटोनने भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसाव्यात, खिडकी उघडी ठेवावी आणि जवळपास ज्योत किंवा बिडी असू नये. ज्या घरात न्हाणीत अजून तांब्याचा बंब पेटतो, तिथे त्या दिवशी बंबाला सुट्टी द्यावी. (एरवीही बंबाचा निखारा लाकडावर पडणार नाही इतके अंतर आखणीतच ठेवायला हवे.)

गोंद एमएस पॉलिमर किंवा पॉलियुरेथेन प्रकारचा घ्यावा. सुताराकडचा नेहमीचा पांढरा गोंद पाण्यात मऊ पडतो आणि त्यात स्वतःचेही पाणी असते, म्हणून तो इथे नको. तीस चौरस फुटांना साधारण तीन ते चार किलो गोंद लागतो. एका वेळी दोन-तीन फळ्यांपुरताच गोंद दातेरी थापीने पसरावा, फळी ठेवून थोडी मागेपुढे सरकवून दाबावी आणि रबरी हातोड्याने ठोकून बसवावी. पहिली एखादी फळी लगेच उचलून तिच्या पाठीवर गोंद सगळीकडे लागला आहे का हे पाहावे. मधे कोरडे पट्टे दिसले तर थापीचे दाते लहान पडत आहेत. पहिली ओळ दोरी लावून सरळ ठेवली की बाकीचे काम वेगाने होते. भिंतीकडच्या फटीत पाचरी घालून आणि फळ्यांवर वाळूच्या पिशव्या ठेवून एक-दोन दिवस त्यावर चालणे बंद ठेवावे.

मग पाचरी काढून चरी साफ कराव्यात, पुन्हा ॲसिटोनने पुसाव्यात आणि चरीच्या तळाशी अरुंद, न चिकटणारी टेप लावावी. ही टेप अनेकांना निरर्थक वाटते. तिचे काम असे की सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटतो आणि मोकळेपणाने ताणला जातो. तळालाही चिकटला तर तो तिसऱ्या बाजूने ओढला जाऊन फाटतो. सीलंट चरीच्या वर किंचित येईल इतका भरून पट्टीने दाबावा, तीन-चार दिवस पूर्ण पक्का होऊ द्यावा आणि त्यानंतर ६०, ८० व १२० नंबरच्या पॉलिशपेपरने सगळी फरशी एकत्र घासावी. भिंतीकडच्या फटी न्यूट्रल प्रकारच्या सिलिकॉनने बंद कराव्यात आणि त्यावर टाइल्सची स्कर्टिंग अशी बसवावी की ती लाकडाला जखडणार नाही. दरवाजा खालून किती तासावा लागेल हे सुतार आला असतानाच पाहून घ्यावे.

पॉलिश आणि हवा

दुकानदार बहुधा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश सुचवेल. चित्रात ते सुंदर दिसते, परंतु या पद्धतीत मी ते टाळतो: सीलंटच्या चरीवर त्याचा कडक पापुद्रा हालचालीने तडकतो, त्या तड्यातून पाणी आत जाते आणि पापुद्र्याखाली अडकून लाकूड काळे पाडते, मग दुरुस्तीला सगळी फरशी घासावी लागते. मेलामाइन पॉलिश तर पाण्यापुढे त्याहून दुबळे आहे. हार्डवॅक्स ऑइल (तेल आणि मेण यांचे मिश्रण) लाकडात मुरते, त्याचे दोन पातळ हात पुरतात आणि पुढे जिथे झिजेल तिथेच पुन्हा लावता येते. प्रत्येक हातानंतर उरलेले तेल फडक्याने पूर्ण पुसून काढावे. ते फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. वाळणारे तेल उष्णता सोडते आणि असे बोळे आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून ते उन्हात पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत.

पाच बाय आठ फुटांच्या, नऊ फूट उंच बाथरूममध्ये ३६० घनफूट हवा असते. तासाला ती दहा वेळा बदलायची तर सुमारे १०० घनमीटर प्रतितास क्षमतेचा एक्झॉस्ट पंखा लागतो. बाजारात मिळणारा सहा इंची पंखा बहुधा याहून अधिकच हवा ओढतो. तो आंघोळीनंतर अर्धा तास चालू राहील असे टायमरचे बटण बसवावे. दरवाजाखाली बोटभर फट नसेल तर पंखा नुसताच फिरतो, कारण आत यायला हवा लागते.

ओल्या भागाची सुटी जाळी

ही जाळी साधी दिसते, पण रोजचा पाय तिच्यावरच पडतो. दोन बाय दोन फुटांच्या तुकड्यासाठी ४५ बाय २० मिलिमीटरच्या अकरा पट्ट्या, त्यांच्यात १० मिलिमीटर अंतर आणि खाली २५ मिलिमीटर उंचीच्या तीन आडपट्ट्या लागतात. तयार तुकडा पाच किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे घरातील कोणालाही तो उचलता येतो. याहून मोठा तुकडा केला तर तो महिनोन्महिने जागचा हलत नाही आणि खाली शेवाळ धरते. आडपट्ट्या उताराच्या दिशेने ठेवाव्यात, नाही तर पाणी त्यांच्यामागे तुंबते. त्यांच्या खाली रबरी बुटे लावावेत. स्क्रू ३०४ स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळी असावेत, कारण साधे लोखंड सागातील टॅनिनशी मिळून काळेनिळे डाग पाडते. सगळ्या कडा गोल कराव्यात. जाळीला पॉलिशची गरज नाही. ती कालांतराने राखाडी होते आणि तेवढीच टिकते. आठवड्यातून एकदा उचलून, मऊ ब्रशने साबणाचा बुळबुळीतपणा घासून, सावलीत किंवा कोवळ्या उन्हात उभी करून वाळवावी. पावसाळ्यात दोन जोड आलटून पालटून वापरता आले तर फारच चांगले.

वर्षभराची देखभाल

कोरड्या भागावर सांडलेले पाणी लगेच पुसावे आणि तिथे ओले पायपुसणे पडून राहू देऊ नये. बाथरूम घासायचे ॲसिडयुक्त द्रव लाकडावर एकदाही पडू देऊ नयेत. हलका साबण आणि पिळलेले फडके पुरेसे आहे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग वाळण्यापूर्वी पुसले तर राहत नाहीत. लोखंडी बादली किंवा डब्याच्या बुडाने काळा डाग पडला, तर हातमोजे घालून ऑक्झॅलिक ॲसिडचे सौम्य द्रावण लावावे, स्वच्छ पाण्याने पुसून घ्यावे आणि वाळल्यावर तेवढ्या भागाला पुन्हा तेल द्यावे. तेलाचा नवा हात वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईच्या सुमारास द्यावा.

मार्चमध्ये सीलंटच्या कडेला केसाएवढी फट दिसली तर ती घाईने भरू नये. श्रावणात ती बंद होते की नाही ते आधी पाहावे. एखाद्या फळीच्या दोन्ही कडा वर आणि मध्य खाली असा पन्हळासारखा आकार आला, तर खालून ओल येत आहे असा त्याचा अर्थ. ती लगेच रंध्याने सपाट करू नये, कारण ओल गेल्यावर फळी परत बसते आणि तासलेल्या कडा खोलगट राहतात. आधी बेसिनखालचा जोड, कमोडची बैठक आणि सीमेवरची पट्टी तपासावी, ओलीचे मूळ सापडल्यावर ते दूर करावे आणि एक-दोन महिने वाळू द्यावे.

फळी खरोखरच खराब झाली असेल, तर तिच्या दोन्ही बाजूंचा सीलंट पात्याने कापावा, फळी मधोमध उभी चिरून पटाशीने तुकड्या-तुकड्याने काढावी आणि खालचा जुना गोंद इपॉक्सीच्या थराला धक्का न लावता खरवडावा. त्याच लॉटमधल्या दोन-तीन फळ्या खाच पाडून माळ्यावर ठेवलेल्या असतील, तर नवी फळी रंगाने आणि जाडीने जुळते. तिला गोंद व सीलंट पहिल्याप्रमाणेच लावावा आणि तीन-चार दिवसांनी घासून तेल द्यावे.